तुलनेसाठी ठेवलेल्या बाया

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा इतिहास लिहिताना भंडाऱ्याहून मला धाराशिवकडे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादकडे वळावे लागते. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक यांनी १९९९मध्ये तिथल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास आरंभला. कुणाला एचपीव्ही चाचणी, कुणाला पॅप, कुणाला ॲसेटिक आम्लाची. उरलेल्या ३१,४८८ जणींना नेहमीची सेवा. आणि त्या सेवेत तपासणी नव्हतीच.

२००९मध्ये निष्कर्ष छापून आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, जवळपास तेवढ्याच आकाराच्या बिनतपासणी गटात ६४. चाचणीचा गुण कळला तो या ६४ मरणांमुळे. असा गट ठेवावा का, यावर पुढे बराच वाद झाला. तो व्हायलाच हवा होता.

आम्लाच्या गटातली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसाला उतरली नाही. तरी २०१६च्या राष्ट्रीय आराखड्यात आमच्यासारख्या जिल्ह्यांच्या वाट्याला आली ती आम्लाचीच चाचणी: तिला प्रयोगशाळा लागत नाही.