वाचायला सुरुवात कुठून?

फळ्यावर ‘बबनकमळउचल’ अशी नऊ अक्षरे सलग लिहा आणि मुलांना तीन-तीन अक्षरांचे शब्द पाडायला सांगा. ‘बबन कमळ उचल’ हे लगेच सापडेल. आता दुसऱ्या अक्षरापासून सुरुवात करा : ‘बनक मळउ चल’. अर्थ गेला! जुन्या पोथ्यांतही शब्दांमध्ये जागा सोडत नसत. पण वाचणाऱ्याला भाषा येत असे. पेशीतल्या रायबोसोमला भाषा येत नाही. आरएनएच्या धाग्यावरील ए, यू, जी, सी ही अक्षरे तीन-तीन करून वाचायची आणि त्यानुसार एकेक अमिनो आम्ल जोडत प्रथिन तयार करायचे, हे त्याचे काम. मग सुरुवात कुठून करायची, हे त्याला कसे कळते?

१९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्तराचा अर्धा भाग मिळाला होता. सुरुवातीचे त्रिकूट ‘एयूजी’. पण तेवढ्याने भागत नाही. आर१७ या जिवाणूभक्षक विषाणूचे उदाहरण घेऊ. त्याच्या आरएनएत सुमारे साडेतीन हजार अक्षरे असतात. चार अक्षरांची त्रिकूटे होतात ६४. म्हणजे निव्वळ योगायोगानेही ‘एयूजी’ पन्नासेक वेळा येणार. त्या वेळी माहीत असलेली प्रथिने मात्र तीनच होती. खरी सुरुवात ओळखायची कशी?

हे कोडे सोडवायला घेतले जोन स्टाइट्झ यांनी. १९४१ साली अमेरिकेत जन्मलेल्या जोन हार्वर्डमध्ये पीएच.डी.साठी आल्या, तेव्हा त्यांनी प्रथम ज्या प्राध्यापकांना विचारले, त्यांनी नकार दिला. बाईमाणूस, लग्न होईल, मुले होतील, मग पदवीचा उपयोग काय, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे जेम्स वॉटसन यांच्याकडे त्यांनी आर१७वरच प्रबंध पूर्ण केला आणि १९६७ मध्ये पतीबरोबर त्या केंब्रिजला गेल्या. तेथे रायबोसोमच्या सुरुवातीच्या जागेचा प्रश्न पडून होता. काम किचकट, यशाची खात्री नाही. दोन वर्षांत परत जाऊन नोकरी मिळवायची असलेल्या तरुण संशोधकांना तो नको होता. आपल्याला प्राध्यापकपद मिळेल अशी आशाच नसल्याने जोन यांनी तो घेतला.

प्रयोगाची कल्पना सोपी होती. किरणोत्सारी फॉस्फरस घातलेल्या विषाणूच्या आरएनएवर रायबोसोम बसू द्यायचे, पण वाचन पुढे सरकू द्यायचे नाही. मग आरएनए कुरतडणारे विकर सोडायचे. उघडा धागा नष्ट होतो. रायबोसोमखाली झाकलेला तुकडा वाचतो. तुकडे मिळत अत्यल्प, आणि या फॉस्फरसची किरणोत्सारिता दर चौदा दिवसांनी निम्मी होई. सँगर यांच्या पद्धतीने एकेका तुकड्यातील अक्षरांचा क्रम लावावा लागे. १९६९ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष आले : तिन्ही प्रथिनांच्या आरंभाचे तीन तुकडे, प्रत्येकात ‘एयूजी’.

पण त्या अलीकडच्या अक्षरांचा अर्थ काय? १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन शाइन आणि लिन डालगार्नो यांनी रायबोसोममधील १६एस आरएनएचे टोक वाचले. तेथे होते ‘एसीसीयूसीसीयू’. आर१७च्या एका आरंभापूर्वी होते ‘एजीजीएजीजीयू’. दुसरी ओळ उलट्या क्रमाने पहिलीखाली लिहून पाहा : ए समोर यू, जी समोर सी, सातही जोड्या जुळतात. १९७५ मध्ये स्टाइट्झ आणि केरन जेक्स यांनी रायबोसोमचे ते टोक कापून बाहेर काढले, तेव्हा विषाणूचा तुकडा त्याला जोडलेलाच मिळाला. तर्काला पुरावा मिळाला.

आपल्या पेशींत सुरुवात शोधण्याची रीत निराळी आहे. पण जिवाणूकडून माणसाचे एखादे प्रथिन करून घ्यायचे असेल, तर त्याच्या जनुकाआधी ही जिवाणूची खूण असावी लागते.

१९७० मध्ये स्टाइट्झ यांना येल विद्यापीठात जागा मिळाली; पुढे आरएनएवरील कामासाठी २०१८ साली लास्कर पुरस्कारही मिळाला. आम्ही संशोधक विषय निवडताना शिष्यवृत्तीची किती वर्षे उरली आहेत, हे आधी मोजतो. केंब्रिजमधल्या त्या तरुणांनीही तेच केले. जोन यांना तसे मोजावे लागले नाही, कारण नोकरीचे दार आपल्याला बंदच आहे असे त्या धरून चालल्या होत्या. वर्गात हा प्रयोग सांगताना ही गोष्टही जरूर सांगावी आणि विचारावे : त्या काळी किती मुलींनी असे नकार ऐकून विज्ञान सोडले असेल?