जालना स्थानक आणि लोकसमुदाय : गोदावरी खोऱ्यातील लोहमार्गाच्या सामाजिक इतिहासाची काही अंगे

१

रेल्वेस्थानकाचे संग्रहालय म्हटले म्हणजे जुने इंजिन, पितळी घंटा, हातकंदील आणि पिवळी पडलेली वेळापत्रके एवढ्याच वस्तू सामान्यतः डोळ्यांसमोर येतात. वस्तूंचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु स्थानक ही मुळात वस्तू नव्हे, ते माणसांच्या एकत्र येण्याचे स्थळ होय. इंग्लंडातील डार्लिंग्टन येथील नॉर्थ रोड हे १८४२ मधील स्थानक. स्टॉकटन-डार्लिंग्टन लोहमार्गास दीडशे वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, म्हणजे १९७५ मध्ये, तेथे संग्रहालय उघडले गेले. आपल्याकडे नागपूरच्या मोतीबागेत २००२ मध्ये अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. अशा ठिकाणी स्मृतिदिन, मुलांच्या सहली आणि निवृत्त कामगारांचे मेळावे यांना केवळ करमणूक समजावे, की स्थानकाचा मूळ धर्मच तेथे पुढे चालू राहतो असे मानावे, हा प्रश्न विचारार्ह आहे. जालन्याच्या इतिहासातून त्याचे उत्तर काही प्रमाणात मिळू शकते.

२

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुने जालना व दुसऱ्या तीरावर कादराबाद, अशी या नगराची जुनी रचना. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण त्याच्या व्यापारी वैभवाची साक्ष देते. मराठी मुलखातील या गावाची ख्याती दखनी वळणाच्या बोलीत सांगितली जावी, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी येथे होती. १९०३ मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे महत्त्व ओसरले. नेमक्या याच सुमारास, १८९९ ते १९०१ या काळात, हैदराबाद ते मनमाड हा सुमारे ३९१ मैलांचा मीटरमापी लोहमार्ग खुला झाला. छावणी गेली आणि स्थानक आले. गावाचे बाहेरच्या जगाशी नाते सांगणारे स्थळच त्यामुळे बदलले.

हा मार्ग लोकांच्या सोयीसाठी म्हणून निघाला होता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. निजामाच्या हमीच्या रेल्वेस संस्थानच्या तिजोरीतून व्याजाची हमी होती. तोटा आला तर त्याचा भार अखेर रयतेवर पडे. या व्यवहाराविरुद्ध १८८३ मध्ये ‘चांदा रेल्वे योजने’च्या निमित्ताने हैदराबादेत जो विरोध झाला, त्यापायी अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना संस्थानाबाहेर जावे लागले. संस्थानातील आधुनिक लोकमताच्या आरंभीच्या आविष्कारांपैकी एक रेल्वेच्याच प्रश्नावर व्हावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. पुढे १९३० मध्ये रेल्वे संस्थान सरकारने ताब्यात घेतली.

३

मनमाड हे या मार्गाचे पश्चिम टोक. तेथे मीटरमापी रूळ संपत व ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रुंदमापी रूळ लागत. प्रवाशाला गाडी बदलावी लागे, मालाची एका डब्यातून दुसऱ्यात चढउतार करावी लागे. हा सांधा केवळ लोखंडाचा नव्हता. एका बाजूस मुंबई इलाख्याचा कारभार, दुसऱ्या बाजूस एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झालेले संस्थान. आणि दोन्ही बाजूंस मराठी बोलणारी प्रजा. राजकीय सरहद्दीने तोडलेल्या एका भाषेच्या दोन प्रदेशांना हा मार्ग जोडत होता.

रेल्वेच्या मराठी शब्दसंग्रहाकडे पाहिले तर या व्यवहाराचे थर स्पष्ट दिसतात. ‘आगगाडी’ हा शब्द ‘आगबोटी’चा सोबती. माल चढवण्याच्या जागेस ‘मालधक्का’ म्हणतात. त्यातील ‘धक्का’ बंदरावरचा, आणि ‘खलाशी’ही मूळचा जहाजावरचा. म्हणजे समुद्र कधीही न पाहिलेल्या जालन्या-परतूरच्या माणसाच्या तोंडी रेल्वेने बंदराची भाषा आणून ठेवली. ‘मुसाफिरखाना’ व ‘हमाल’ हे शब्द अरबी-फारसी परंपरेतले. ‘प्लॅटफॉर्म’चा ‘फलाट’ झाला, आणि ‘वॅगन’ची तर चक्क ‘वाघीण’ झाली. परकी ध्वनी ओळखीच्या शब्दाच्या साच्यात बसवण्याची लोकांची ही रीत भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणून परिचित आहे. तिचे याहून ठसठशीत उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल. रूळ बदलणाऱ्या यंत्रास ‘सांधा’ हे नाव मात्र घरचे. ‘हिरवा कंदील दाखवणे’ किंवा ‘गाडी रुळावर येणे’ हे वाक्प्रचार तर रेल्वेशी संबंध नसलेल्या व्यवहारातही रुळले.

हे शब्द कोणा पंडिताने घडवलेले नाहीत. फलाटावर हमाल, अडत्या, शेतकरी, उर्दू शिकलेला कारकून आणि इंग्रजी नियमपुस्तक हाती घेतलेला स्टेशनमास्तर यांच्या नित्य संपर्कातून अशा शब्दांना चलन मिळाले. या अर्थाने स्थानक ही एक भाषिक संस्थाच होती.

४

स्थानकाच्या सामुदायिक स्वरूपाचा दुसरा पुरावा राजकीय इतिहासात आहे. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमान्वये संस्थानात सार्वजनिक सभेस पूर्वपरवानगी आवश्यक झाली. सभास्वातंत्र्य असे आकुंचित असताना महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा ते त्यात आले. दुसरे अधिवेशन १९३८ मध्ये लातूर येथे व तिसरे १९४१ मध्ये उमरी येथे झाले. यांपैकी परतूर आणि उमरी ही दोन्ही गावे गोदावरी खोऱ्याच्या लोहमार्गावरील, तर लातूर १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेने जोडलेले.

जिल्ह्याची मुख्य ठिकाणे बाजूस सारून ही गावे निवडली जाण्यामागे स्थानिक कार्यकर्त्यांची उमेद व इतर कारणे असणारच. तथापि पाच मराठी जिल्ह्यांत विखुरलेल्या प्रतिनिधींना एकत्र आणावयाचे तर रेल्वेची सोय हा विचार गौण असणे शक्य नव्हते. शिवाय तिकीट काढून गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांच्या गर्दीस कोणी सभा म्हणू शकत नसे. गाठीभेटी आणि बातम्यांची देवघेव यांना मुसाफिरखान्याइतकी निर्वेध जागा त्या काळी थोडीच असेल. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. ज्या लोकजागृतीने त्या दिवसाची पूर्वतयारी केली, तिच्या नकाशावर या लहान स्थानकांना स्थान दिले पाहिजे.

५

यानंतरचा क्रम थोडक्यात असा. १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत समाविष्ट झाली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना झाली, आणि २००३ मध्ये नांदेड विभाग अस्तित्वात आला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जालन्यावरून जाणारे मीटरमापी रूळ निघून रुंदमापी आले. ऑगस्ट २०२३ मध्ये अमृत भारत योजनेखाली जालना स्थानकाच्या पुनर्विकासाचा आरंभ झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जालना-मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली. मनमाडला गाडी बदलण्याचा त्रास संपला, याचे दुःख कोणी करू नये. मात्र प्रत्येक रूपांतराबरोबर जुन्या कामाच्या पद्धती गेल्या, आणि पद्धतींबरोबर त्यांचे शब्दही गेले. मीटरमापीवर तरुणपणी कामास लागलेले सांधेवाले, खलाशी आणि गार्ड आज वृद्ध आहेत. कंदील कपाटात शंभर वर्षे राहू शकतो; तो कसा धरावयाचा, कोणत्या हालचालीस काय म्हणावयाचे, हे ज्ञान मात्र माणसाबरोबर जाते.

म्हणूनच जालन्यासारख्या स्थानकाच्या संदर्भात संग्रहालयाचा विचार करावयाचा तर त्यातील सामुदायिक कार्यक्रम हे शोभेचे अंग मानून चालणार नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली तो १६ एप्रिल आणि मुक्तिदिनाचा १७ सप्टेंबर, या दोन दिवशी जुन्या कामगारांनी फलाटावर बसून आपले काम आपल्या बोलीत सांगावे, विद्यार्थ्यांनी ते शब्दशः टिपून घ्यावे, बदनापूर, रांजणी, परतूर या गावांच्या लोकांनी त्यात भर घालावी व चुका दुरुस्त कराव्यात, असा उपक्रम संग्रहालयाच्या मूळ कार्याचाच भाग ठरेल. त्यातून मिळणारी माहिती शाळांना जितकी उपयोगी, तितकीच इतिहास व भाषा या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांस मोलाची ठरेल.

स्मृती अनेकदा चुकतात, वर्षे मागेपुढे होतात, आणि गतकाळ आहे त्याहून गोड वाटू लागतो. त्यामुळे अशा निवेदनांची वेळापत्रके, अहवाल व समकालीन वृत्तपत्रे यांच्याशी ताडणी अवश्य करावी लागेल. ती ताडणी पुढेही करता येईल, कारण कागद थांबू शकतो. निवेदकाचे वय थांबत नाही. यास्तव कामाचा क्रम ठरवताना आधी माणसांकडे आणि मग दप्तराकडे जाणे, हेच येथे शास्त्रशुद्ध होय.