भाडे, करवाढ आणि पागडी

गिरगावच्या चाळींत ज्यांची हयात गेली, अशा गोमंतकीय कुटुंबांच्या जुन्या पेटीत भाडेपावत्यांची जुडी पुष्कळदा सापडते. एखाद्या पावतीवर भाड्याखाली करवाढीची लहानशी रक्कम निराळी मांडलेली असते. घरमालकाने भाड्याहून अधिक काय मागावे आणि काय मागू नये, या वादाचा इतिहास त्या दोन आकड्यांत साठविलेला आहे.

पहिल्या महायुद्धात घरांची टंचाई पडली, तेव्हा 1918 साली मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. पुढे 1947 चा व्यापक कायदा आला व 13 फेब्रुवारी 1948 पासून अमलात आला. बेळगाव त्या वेळी मुंबई राज्यातच होते; वडोदराही 1949 साली त्यात विलीन झाले. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे चालू होते, तेच सामान्यतः ‘प्रमाण भाडे’ मानले गेले.

या कायद्याने तीन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केल्या. प्रमाण भाडे हा मालकाचा हक्क होय. नगरपालिकेने कर वाढविला व तो मालकास भरावा लागला, तर ती वाढ त्याने भाडेकरूकडून घ्यावी. मात्र कर वाढला असेल तेवढीच, त्याहून पैही अधिक नव्हे. याखेरीज जागा देताना घेतलेली पागडी हा गुन्हा ठरला. पाणी, वीज, जिन्यातील दिवा व सफाई या आवश्यक सेवा सबळ कारणावाचून तोडण्यासही मालकास मनाई झाली. जिन्यातला दिवा ही मालकाची मेहेरबानी राहिली नाही.

परंतु न्यायाला दुसरी बाजूही असते. चुना, लाकूड, मजुरी यांचे दर वाढत गेले. भाडे मात्र 1940 सालीच थबकले. दुरुस्ती खुंटली, आणि जी पागडी कायद्याने दाराबाहेर काढली ती मागच्या दाराने आत आली. इमारती ढासळू लागल्या, म्हणून 1969 साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसविण्यात आला. अखेर डिसेंबर 1997 मध्ये, गोठविलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. त्यानंतरचा महाराष्ट्राचा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने वर्षाला 4 टक्के वाढ मान्य केली, करवाढीचा जुना नियम कायम ठेवला आणि एके काळी गुन्हा असलेली पागडी वैध केली.

आपल्या वाचकांपैकी कित्येक जण स्वतः भाडेकरू आहेत, तर काही जण देवस्थानच्या समितीवर बसून देवाच्या घरांचे भाडे ठरवितात. गोव्याचा कायदा 1968 चा व निराळा. कर्नाटकाचा 1999 चा, तोही निराळा. एका राज्याचे टक्के दुसऱ्या राज्यात लावता येणार नाहीत, हे दोघांनीही ध्यानी घ्यावे. मात्र या दीर्घ इतिहासातून निघणारा बोध सर्वत्र सारखाच आहे: झालेला खर्च दाखवून मागितलेली रक्कम देणे हे भाडेकरूचे कर्तव्य होय, आणि जी रक्कम पावतीवर लिहिण्याचा संकोच वाटतो ती न घेणे हे मालकाचे. ज्या घराचा मालक प्रत्यक्ष देव आहे, तेथे तर हा हिशेब अधिकच चोख असला पाहिजे.