कुंभारीची बॅटरी

मंडळी, परवा चार महिन्यांनी कुंभारीचं घर उघडलं, तर इन्व्हर्टर मुका! पुण्याला पळताना मी मेन पाडला, इन्व्हर्टर मात्र चालूच. देवघरातल्या झिरोच्या बल्बने बॅटरी पार प्यायली.

रोग जुनाच. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये गॅस्तों प्लांतेने शिसं नि गंधकाम्ल वापरून पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी केली. १८८१ मध्ये कामिय फोरने प्लेटांना शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन तिची ताकद वाढवली. पण रिकामी पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेट घट्ट बसतं, हे काही सुटलं नाही. म्हणून फुल चार्ज करायची, तारा सोडायच्या, १२.४ व्होल्टच्या आत आली की पुन्हा चार्ज.

बाबांनी लोडशेडिंगच्या काळात पोटाला चिमटा काढून इन्व्हर्टर घेतलेला. परवा ते काहीच बोलले नाहीत. नुसतं झाकण उघडून पाणी बघत बसले.