नसलेल्या माणसांचा नट

२००६ सालासाठीच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार दिलीप प्रभावळकर यांना मिळाला. तो दोन चित्रपटांसाठी मिळून होता, ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणि ‘शेवरी’. पहिल्या चित्रपटात ते महात्मा गांधी झाले आहेत असं सगळेच म्हणतात. पण चित्रपट नीट पाहिला तर ते गांधी नाहीत. मुन्ना नावाच्या एका मुंबईकर गुंडाला जो भास होतो, त्या भासाची ती भूमिका आहे. म्हणजे ज्या पात्रासाठी हा पुरस्कार मिळाला, ते पात्र त्या गोष्टीत अस्तित्वातच नाही!

गेली काही वर्षं मी मराठी नटांच्या दुय्यम भूमिकांची वही ठेवतो. नायक-नायिकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. दुय्यम नटाची नोंद श्रेयनामावलीत जेमतेम होते आणि तिथंच संपते. प्रभावळकरांचं पान भरत गेलं तसं माझ्या लक्षात आलं, की या माणसानं भीतीच्या, अद्भुताच्या आणि रहस्याच्या कथांत जे काम केलं त्यातलं बरंचसं नसलेल्या माणसांचं आहे. मेलेला गुंड, मेलेला इनामदार, भासातला महात्मा. यांपैकी कोणालाही स्वतःचा देह नाही. नटाचं सगळं भांडवल म्हणजे देह, आणि इथं नेमका तोच काढून घेतलेला. मग उरतं काय? माझ्या मते उरतो आवाज. आणि आवाजाची नोंद ठेवायला आपल्या चित्रपट-इतिहासात रकानाच नाही.

प्रभावळकरांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४चा. मुंबईच्या प्रायोगिक आणि बालरंगभूमीवर ते घडले, आणि त्यात रत्नाकर मतकरींचा वाटा मोठा. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण प्रभावळकरांनी केली. हेच नाटक २०१८ मध्ये पुन्हा जोरात आलं तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले, हे नव्या वाचकांना ठाऊक असेल. मतकरी एका हातानं मुलांची नाटकं लिहीत आणि दुसऱ्या हातानं मोठ्यांची झोप उडवणाऱ्या गूढकथा. मुलांना हसवणं आणि मोठ्यांना घाबरवणं या दोन वेगळ्या विद्या नाहीत, हे त्या घराण्यात शिकलेल्या नटाला वेगळं सांगावं लागत नसणार. समोर बसलेलं पोर एकाच वेळी घाबरलंही पाहिजे आणि पुढच्या वाक्याला हसलंही पाहिजे. हा तोल पुढं तात्या विंचूला कामी आला, असं मी मानतो. समीक्षकांनी तात्या विंचूचं मूळ ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८च्या अमेरिकी चित्रपटात शोधलं आणि ते बरोबरच आहे. पण ते बाहुल्याचं मूळ झालं. बाहुल्याच्या बोलण्याचं मूळ मुंबईच्या बालनाट्यात आहे.

इथं जरा थांबून आमच्या गावाकडून या गोष्टीकडं पाहायला हवं. पाचोड हे पैठण तालुक्यातलं, धुळे-सोलापूर रस्त्यावरचं, मोसंबीच्या बाजाराचं गाव. मुंबई-पुण्याच्या लेखकांनी प्रभावळकरांवर लिहिताना एक क्रम गृहीत धरलेला असतो. आधी दूरदर्शनवरचा ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’मधला भित्रा, मध्यमवर्गीय चिमणराव, मग इतर भूमिका, आणि मग नव्वदीत अचानक क्रूर तात्या विंचू. या क्रमात तात्या विंचू हा एक विनोद ठरतो. ‘बघा, आपले चिमणराव गुंड झाले!’

आमच्याकडं हा क्रम तसा नव्हता. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, पुण्याला त्याचं प्रक्षेपण लगोलग पोचलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चि. वि. जोशींचा चिमणराव तिकडं घराघरांत गाजत होता, तेव्हा मराठवाड्याच्या खेड्यात टीव्ही म्हणजे ऐकीव वस्तू. १९८४च्या आसपास देशभर लघुशक्ती प्रक्षेपकं उभी राहिली, पण त्यांवरून आधी दिल्लीचं हिंदी आलं, मराठी मागाहून. मधल्या काळात आमची सोय होती ती भाड्याच्या व्हीसीआरची. गणपतीत किंवा कुणाच्या घरी कार्य असलं की शहरातून व्हीसीआर आणि टीव्ही यायचा आणि अंगणात रात्रभर तीन-तीन पिक्चर चालायचे. १९९३ साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला आणि वर्षा-दीड वर्षात आमच्या अंगणातही पोचला. माझ्या पिढीतल्या अनेकांनी प्रभावळकरांना पहिल्यांदा पाहिलं ते असं. खरं तर पाहिलं म्हणणंही चुकीचं, ऐकलं. चिमणराव आम्हाला पुष्कळ नंतर भेटला, आणि भेटला तेव्हा अंगणातली पोरं म्हणाली, ‘ह्यो तर तात्या विंचूच हाय!’ विनोद आमच्याकडंही झाला, फक्त उलट्या बाजूनं.

‘झपाटलेला’च्या रचनेवर थोडं सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण तिच्याइतकी विचित्र श्रमविभागणी मला दुसऱ्या मराठी चित्रपटात आढळली नाही. तात्या विंचू हा गुंड. बाबा चमत्कारकडून तो मृत्युंजय मंत्र मिळवतो, इन्स्पेक्टर महेश जाधवच्या गोळीनं जखमी होतो आणि मरता मरता त्या मंत्रानं आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. प्रभावळकरांचा चेहरा एवढ्यापुरताच. चित्रपट अजून जेमतेम सुरू झालेला असतो आणि खलनायकाचा देह संपलेला असतो. तिथून पुढं पडद्यावर दिसतो तो बाहुला. तो रामदास पाध्ये यांचा. वडील य. के. पाध्ये यांच्याकडून आलेली शब्दभ्रमाची विद्या आणि अर्धवटराव सांभाळणारे हे घराणं. बाहुल्याची मान, हात, ओठ पाध्यांचे, आवाज प्रभावळकरांचा, आणि भीती वाटायची ती लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या चेहऱ्यावर बघून.

त्यात आणखी एक गंमत विणलेली आहे. कथेतला लक्ष्या स्वतःच शब्दभ्रमकार होऊ पाहणारा, बोलक्या बाहुल्यांचं वेड असलेला तरुण. शब्दभ्रमाची सारी करामत म्हणजे आवाज एका ठिकाणाहून काढायचा आणि तो दुसरीकडून आल्याचं भासवायचं. पडद्यावरचा लक्ष्या हे करतो असं दाखवलंय आणि पडद्यामागं खरोखरचे तिघं मिळून तेच करताहेत. लक्ष्याचा बाहुला बोलतो यावर गावातलं कुणी विश्वास ठेवत नाही, कारण सगळ्यांना वाटतं हाच बोलतोय. चित्रपटाचं सगळं रहस्य एका प्रश्नावर उभं आहे, आवाज कुणाचा?

बाहुल्याला भुवया उडवता येत नाहीत, गाल फुगवता येत नाहीत. रबरी चेहऱ्यावर जी काही आडदांड मस्ती, लाडीगोडी, चिडचिड आणि खुनशीपणा दिसल्यासारखा वाटतो, तो सगळा आवाजानं आपल्या कानांतून डोळ्यांत घातलेला असतो. ज्यांना शंका असेल त्यांनी आवाज बंद करून तो बाहुला दोन मिनिटं पाहावा. मी हा प्रयोग घरच्या पोरांवर केला. आवाज बंद होता तोवर कुणी घाबरलं नाही, उलट एकानं बाहुल्याचे कपडे कुठं मिळतील असं विचारलं.

या भीतीबद्दल मराठवाड्यातून लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. अंगात येणं, झपाटणं ही आमच्याकडं करमणूक नव्हती. भानामती हा शब्द बायाबापड्या हलक्या आवाजात उच्चारत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना या भागात भानामतीविरुद्ध मोहिमा काढाव्या लागल्या, कारण ज्या बाईवर संशय घेतला जाई तिचे खरोखर हाल होत. अशा गावात मेलेल्या माणसाचा आत्मा दुसऱ्याच्या अंगात शिरू पाहतो ही गोष्ट अंगणात दाखवली जाते आणि शंभर माणसं खो खो हसतात, ही साधी घटना नाही. त्यानं अंधश्रद्धा गेली असा भाबडा दावा मी करणार नाही. मंत्रतंत्र खरे असतात असंच चित्रपट सांगतो, हा आक्षेपही रास्त आहे. पण झपाटणाऱ्याची चेष्टा करता येते, एवढं तरी त्या आवाजानं आमच्या कानावर घातलं. ‘झपाटलेला २’ जून २०१३ मध्ये त्रिमितीत आला, तात्या विंचूचा आवाज वीस वर्षांनी पुन्हा प्रभावळकरांचाच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. या दोन गोष्टींचा संबंध नाही. तारखा शेजारी-शेजारी लिहिताना माझा हात मात्र थबकला.

‘पछाडलेला’ (२००४) हा कोठाऱ्यांचाच चित्रपट. इनामदार भुसनळे हे त्यातलं भूत प्रभावळकरांचं. इथं ते दिसतात, मिरवतात, पण जिवंत माणसांवर ताबा मिळवल्याशिवाय त्यांचं काही चालत नाही. चित्रपट गमतीचा आहे, ‘झपाटलेला’ची धार त्याला नाही. त्याआधीचा ‘एक डाव भुताचा’ (१९८२) मला जास्त महत्त्वाचा वाटतो, तोही तुलनेपुरता. त्यात भूत अशोक सराफ यांचं आणि प्रभावळकर साधेसुधे मास्तर. भूत ज्याला भेटतं तो माणूस. चोवीस वर्षांनी ‘लगे रहो’मध्ये बाजू पालटली, आता भेटायला येणारे ते.

आणि ती भूमिका त्यांच्या सगळ्या अदृश्य भूमिकांत अवघड. का, ते सांगतो. मुन्ना ग्रंथालयात बसून दिवसरात्र गांधींवर वाचतो, त्यातून त्याला गांधी दिसू लागतात, चित्रपटाच्या भाषेत ‘केमिकल लोच्या’. पुढं एक डॉक्टर सगळ्यांसमोर सिद्ध करतो की जे मुन्नाला माहीत नाही ते या गांधींनाही माहीत नाही. थोडक्यात, या पात्राला स्वतःचं ज्ञान नाही, भूतकाळ नाही, इच्छा नाही. समोरच्याच्या डोक्यात जेवढं आहे तेवढंच त्यानं बोलायचं. बेन किंग्जले यांच्यासमोर गांधींचं आयुष्य होतं. प्रभावळकरांसमोर होतं एका गुंडाचं वाचन. तरी त्यांनी त्यात शांत, किंचित मिस्कील वडीलकी आणली. मुन्नाला गांधींकडून खरं तर तीच हवी होती. आवाज इथंही हलका ठेवलेला, जवळजवळ कानात सांगितल्यासारखा. तात्या विंचू ओरडून भरून राहतो, हे हळू बोलून.

हिंदी रहस्यपटवाल्यांनी या वडीलकीचा चतुर उपयोग केला. रामगोपाल वर्मा यांच्या ‘सरकार राज’मध्ये (२००८) प्रभावळकर राव साब झाले. गावातले ज्येष्ठ, निःस्पृह वाटणारे, खुद्द सरकार ज्यांना मान देतो असे. दोन वर्षांपूर्वी गांधी म्हणून मनात बसलेला चेहरा पाहताच प्रेक्षक निर्धास्त होतो, आणि शेवटी कळतं की कटाच्या मुळाशी हेच होते. दुसऱ्या नटाला ही भूमिका दिली असती तर अर्ध्या प्रेक्षकांनी मध्यंतरापूर्वीच ओळखलं असतं. मराठी प्रेक्षक मात्र थोडा सावध असायला हवा होता. ‘साळसूद’ मालिकेतला त्यांचा भार्गव ज्यांनी पाहिला होता त्यांना माहीत होतं, की हा सभ्य चेहरा किती काळंबेरं लपवू शकतो. अजय फणसेकर यांनीही ‘एन्काउंटर : द किलिंग’मध्ये (२००२) त्यांना म्हातारा टोळीवाला पुनाप्पा केलं होतं, तो तर चेहऱ्यानंही सौम्य नव्हता. अमोल पालेकर यांच्या ‘पहेली’त (२००५) भुताची गोष्ट असून हे जिवंत माणसांत आहेत. माझ्या वहीत त्यापुढं उद्गारचिन्ह आहे.

‘हसवा फसवी’त एका रात्रीत सहा माणसं उभी करणारा नट चित्रपटांत इतकी वर्षं दुय्यम का राहिला, असा प्रश्न मला अधूनमधून विचारतात. ‘चौकट राजा’सारखे अपवाद आहेतच. पण व्यवहार असा, की मराठी भयपट आणि हिंदी रहस्यपट दोन्ही नायकाच्या नावावर विकले जात, आणि भीती किंवा संशय पैदा करण्याचं मुख्य काम मात्र दुसऱ्याकडं सोपवलं जाई. पोस्टरवर लक्ष्या आणि महेश, घरी जाताना पोरांच्या तोंडी तात्या विंचू. पुरस्काराच्या भाषेत तो ‘सहाय्यक’. कुणाला साहाय्य?

सप्टेंबर २०२५ मध्ये सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ प्रदर्शित झाला. प्रभावळकर एक्क्याऐंशी वर्षांचे, भूमिका बाबुली मेस्त्रीची, कोकणातल्या थकलेल्या दशावतारी कलावंताची. थरारपटच आहे, जंगल आणि दैवत यांच्या छायेतला, पण या वेळी मध्यभागी तेच, आणि सगळा भार देहावर. रंग, मुकुट, पाणी, चिखल, अंधूक होत गेलेली नजर. पाचोडहून संभाजीनगरला जाऊन मी तो पाहिला. वहीत नोंद करताना श्रेयनामावलीतली दोन नावं अधोरेखित केली. एक भरत जाधव, ‘पछाडलेला’त ज्यांना इनामदार भुसनळेच्या भुतावळीनं छळलं. दुसरं अभिनय बेर्डे. तात्या विंचू ज्या लक्ष्याच्या देहात शिरायला धडपडत होता, त्या लक्ष्मीकांत बेर्डे यांचा मुलगा.