बाळंतिणीचे दहा दिवस



राजेरजवाड्यांच्या जन्मतिथी आपण लहानपणापासून घोकीत आलो. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजे जन्मले, हे शाळकरी पोरही सांगेल. पण त्या दिवशी ज्या माउलीने कळा सोसल्या, तिचे पुढे काय झाले, हे किती जणांना ठाऊक असते? बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती सावरली नाही, अंगावर दूध पुरेना, म्हणून कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांना दूधआई नेमले, असे परंपरा सांगते. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई राजगडावर निवर्तल्या. गडकोट होते, धनधान्य होते, वैद्य होते. तरी बाळंतीण उठून उभी राहीलच, याची शाश्वती राजाच्या घरीही नव्हती. मग गरिबाच्या झोपडीची कथा काय सांगावी?

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या बायका म्हणत आल्या. हे बोल अनुभवाचे आहेत. मूल रडले की घरातले पुरुष साखर वाटायला मोकळे होत. आईच्या जिवावरचे संकट मात्र तेव्हा टळलेले नसे. बाळंतज्वर बहुधा प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यातच अंगात भरतो, आणि नाळेच्या जखमेतून होणारा अर्भकाचा धनुर्वात साधारण त्याच दिवसांत प्रकट होतो. पाचवीच्या आणि सहाव्या दिवसाच्या रात्री सटवाईची पूजा मांडून, दिवा जळता ठेवून जागत बसणाऱ्या आजीला जंतूंचे नाव माहीत नव्हते. पण घात कोणत्या रात्री होतो, हे तिने पिढ्यान् पिढ्या पाहिलेले होते.

जुन्या रीतीत सारेच टाकाऊ होते, असे मी म्हणणार नाही. सव्वा महिन्याची विश्रांती, अंगाला तेल, डिंकाचे आणि हळिवाचे लाडू, माहेरची माया या गोष्टींनी असंख्य स्त्रियांना पुन्हा उभे केले. परंतु याच रीतीच्या पोटात एक मोठा घातही दडलेला होता. बाळंतिणीला विटाळ मानलेला. म्हणून तिच्या वाट्याला घरातली अंधारी खोली, जुनेर आणि फाटके चिंधूक येई. स्पर्शाने जे बाटायचे, त्याला चांगले कशाला वापरा, हा हिशेब! ज्या वेळी स्वच्छतेची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच वेळी आपण सोवळ्याच्या नावाखाली अस्वच्छता पाळीत होतो.

या बाबतीत युरोपनेही फार फुशारकी मारू नये. व्हिएन्नाच्या इस्पितळात १८४७ साली सेमेलवाइस या डॉक्टराच्या ध्यानात आले, की शवविच्छेदन करून आलेले डॉक्टरच प्रसूतिगृहात मृत्यू नेत आहेत. त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ माता दगावत होत्या. जूनमध्ये ते प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले. तरीही त्याच्या समव्यवसायिकांनी त्याला मानले नाही. हात धुण्याची लाज विद्वानांनाही वाटते!

आता आपल्या कोल्हापूरकडे येऊ. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळते तर तो वाचता, ही टोचणी त्या मुलीच्या मनात राहिली. पती गोपाळराव पोस्टात होते; त्यांची कोल्हापूरला बदली झाली. येथल्या अमेरिकन मिशनच्या ओळखीतून त्यांनी पत्नीच्या शिक्षणाविषयी अमेरिकेस लिहिले. ते पत्र वाइल्डर यांच्या मासिकात छापले गेले आणि न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आले. पुढे १८८३ साली आनंदीबाई समुद्र ओलांडून गेल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ज्या खोलीत स्वतःचे मूल गमावले, त्या खोलीचाच त्यांनी अभ्यास केला.

त्याच वर्षी कोल्हापूर दरबाराने त्यांना आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रियांच्या विभागावर नेमले. परपुरुषासमोर कळा देण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रियांसाठी ही नेमणूक किती मोलाची होती! पण क्षयाने पोखरलेल्या आनंदीबाई त्या जागेवर कधी रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

इतिहास येथे थांबला असता तर ती केवळ शोककथा ठरती. परंतु ज्या सुमारास ते दहा दिवसांचे मूल गेले, त्याच सुमारास, १८७९ साली, कृष्णाबाई केळवकर जन्माला आल्या. आई रखमाबाई कोल्हापूर संस्थानात मुलींच्या शिक्षणाचे काम पाहत. कृष्णाबाई फर्ग्युसन कॉलेजात शिकल्या, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने विलायतेस जाऊन आल्या. आनंदीबाईंची वाट पाहून राहिलेल्या त्याच इस्पितळात त्यांनी स्त्रियांची सेवा केली. आज आपण त्या इमारतीला सी. पी. आर. म्हणतो.

आकडेही ऐका. १९४६ च्या भोर समितीच्या अंदाजाने या देशात दर हजार जन्मांमागे सुमारे वीस माता मरत, म्हणजे वर्षाला दोन लाख! २०१८-२० या काळात महाराष्ट्रात हे प्रमाण लाखामागे ३३ वर आले. हे यश तलवारीचे नव्हे. साबणाचे, उकळत्या पाण्याचे, रक्ताच्या बाटलीचे आणि शिकलेल्या मुलींचे आहे.

पण ३३ म्हणजे शून्य नव्हे. आणि जी वाचते, ती लगेच बरी होते असेही नाही. अवघड बाळंतपणातून उठलेली बाई रात्री दचकून जागी होते, मूल कुशीत असूनही तिला रडू येते, आणि घरचे म्हणतात, आता काय झाले, सगळे सुखरूप तर आहे! आईच्या देहाची जखम ओळखायला आपल्याला शतके लागली. मनाची जखम ओळखायला तरी इतका उशीर लावू नये. पाळण्याभोवती गर्दी जमते तेव्हा एकाने तरी खाटेपाशी जावे आणि विचारावे, “बाई, तू कशी आहेस?”