एका भाकरीची आठवण आणि केडगावची मुक्ती

इतिहासाच्या गप्पांमध्ये आज पंडिता रमाबाईंबद्दल बोलूया. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात बहुतेकींनी वाचलं असेल, पण ते दोन ओळींत संपतं. संस्कृतच्या विदुषी, शारदासदन काढलं, ख्रिस्ती झाल्या, एवढंच. एकामागून एक घाव बसत असताना ही बाई खचून का गेली नाही, ते त्या ओळींत येत नाही. गटाच्या कामात मला रोज कोणी ना कोणी मनाने खचलेली भेटते, म्हणून मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थांमागून तीर्थं फिरायचं. दुष्काळात जवळचं सगळं संपलं. 1874 च्या सुमारास आधी वडील गेले, मग आई आणि थोरली बहीण. आई भुकेने तळमळत होती तेव्हा रमाबाई शेजारच्या बाईकडे बाजरीची भाकरी मागायला गेल्या. मागताना लाजेने शब्द फुटेना. भाकरी मिळाली, धावत आईकडे नेली, पण आईला ती खाण्याचीही ताकद उरली नव्हती. पुढे रमाबाईंनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे. ही भाकरी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नंतर त्या भावाबरोबर पायी हिंडत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरव केला. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने नवराही गेला. वय चोवीसच्या आत, पदरात तान्हं लेकरू, माहेर नाही.

पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि 1883 मध्ये शिक्षणासाठी इंग्लंड गाठलं. मुक्काम वाँटेजच्या जोगिणींच्या मठात होता. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच जीव दिला. परक्या मुलखात, एकुलती मैत्रीण अशी गेल्यावर माणसाचं काय होत असेल!

तिथल्या सिस्टरांनी हवापालटासाठी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला पाठवलं. तिथे, समाजाने 'बिघडलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी घर होतं. त्यातल्याच काही जणी बऱ्या मार्गाला लागून आता आजाऱ्यांची, पांगळ्यांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी असं कधी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे अशा बाईला दारात उभं करत नसत. तुम्ही हे कशासाठी करता, असं त्यांनी सिस्टरांना विचारलं. सिस्टरांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, जिच्याशी कोणी नीट बोलत नव्हतं, तिच्याशी येशू बसून बोलतो, तो हा प्रसंग. 29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

यावरून महाराष्ट्रात त्यांच्यावर खूप टीका झाली. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूने उभे राहिले. मी स्वतः ख्रिस्ती नाही, आणि त्यांनी धर्म बदलला ते चूक की बरोबर हे ठरवायला इथे बसलेले नाही. पण आमिषाला भुलून गेल्या म्हणणाऱ्यांनी फुलहॅमची हकीकत वाचावी. त्यांना ओढलं ते कोणी केलेल्या सेवेने.

बाप्तिस्मा घेतला आणि दुःख संपलं, असं मात्र झालं नाही. धर्म सापडला, पण मनाची शांती मिळायला आणखी आठ वर्षं गेली, असं त्या स्वतः सांगतात. मला हा प्रामाणिकपणा फार आवडतो.

1889 मध्ये मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. 1893 मध्ये, मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून गदारोळ उठला. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. उभं केलेलं डोळ्यांसमोर रिकामं होताना बघणं काय असतं, हे ज्यांचा गट मोडला त्यांना विचारा.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून उपासमारीच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंकडे पैसा बेताचा, ऐकू कमी येत होतं, पण स्वतःची आई त्यांना आठवत होती. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते, म्हणून दौंड तालुक्यातल्या केडगावला आपल्या शेतावर सगळ्यांना नेलं. हीच 'मुक्ती'. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या तोंडांना रोज भाकरी!

आणि नुसतं बसवून खायला घालणं नव्हतं. शेती, विणकाम, शिवण, छापखाना, सगळं बायकाच चालवत. आंधळ्या बायकांसाठी वेगळं सदन होतं, तिथे मनोरमाने ब्रेल शिकवलं. फुलहॅमसारखंच कृपासदनही उघडलं. आल्या दिवशी जी अन्नाला महाग होती, ती काही महिन्यांत नव्या आलेल्या पोरीची काळजी घेऊ लागे.

1921 च्या जुलैत मनोरमाही गेली. त्या वेळी रमाबाई हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल असं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. 1924 मध्ये ते बायबल केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं. त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातांमध्ये मुक्तीतल्याच मुलींचे हात होते.